कसबा पेठेतली पाणबुडी

पुण्यात आज ज्या उंच इमारती दिसतात, त्यांतल्या निम्म्या आधी माझ्या टेबलावर उभ्या होत्या. बरं, निम्म्या नसतील. माझा मजकूर आमच्या घरी आधी वाचला जातो आणि आत्ताच मागून ‘जरा कमी करा’ असा आवाज आला. पाव धरा. पण टेबलावर उभ्या असताना त्या जितक्या सुंदर होत्या तितक्या पुढे कधीच दिसल्या नाहीत, यातला शब्दही मी कमी करणार नाही.

माझा धंदा मॉडेलं करण्याचा. बिल्डरच्या ऑफिसात काचेच्या पेटीत जी चिमुकली सोसायटी असते, आत दिवे लागतात, गेटपाशी चिमुकला वॉचमन असतो, ती माझी. मुक्काम कसबा पेठेत, एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली यंत्र धडधडतं, शेजारच्या आळीतून तांबटांचे ठोके येतात आणि या सगळ्या कोलाहलात आम्ही शांत, निवांत, निसर्गरम्य घरं तयार करतो. जागांचे भाव वर जायला लागले, सॉफ्टवेअरच्या कंपन्या आल्या, पंचविशीतली पोरं फ्लॅट बघायला निघाली, तेव्हा आमची चांदी झाली. अशी वर्षं आली की मला स्वप्नंसुद्धा छोट्या मापात पडायची.

आता तुम्हाला धंद्यातली गुपितं सांगतो, कारण आता ती लपवून कुणाचंच भलं होणार नाही. मॉडेलमध्ये झाडं नेहमी पूर्ण वाढलेली असतात. गच्चीत कुणाचे कपडे वाळत नसतात. सांडपाण्याचे पाइप नसतातच. आमच्या जगात कुणी आंघोळ करत नाही. आणि सगळ्यात मोठं गुपित म्हणजे पलंग. फ्लॅटचं छप्पर उघडून आतली मांडणी दाखवायची असेल, तर भिंती मापात करायच्या आणि पलंग मापापेक्षा बारीक. खोली एकदम ऐसपैस दिसते. आमच्या पलंगावर झोपायला माणूस चौथी-पाचवीतलाच हवा. पण मॉडेलमध्ये झोपतो कोण? आमची सगळी माणसं उभी. हातात बॅग घेतलेला साहेब, बाबागाडी ढकलणारी बाई, जॉगिंग करणारे आजोबा.

पुण्याबाहेर मांजरी गावाला उसाच्या फडाशेजारी एक स्कीम होती. बिल्डर म्हणाला, “इथं तळं टाका.”

“साहेब, नकाशात तळं नाही.”

“नकाशा कोण बघतंय? लोकांना निळं आवडतं.”

टाकलं. वर दोन बदकंही सोडली. पाचेक वर्षांनी एक निवृत्त गृहस्थ धापा टाकत आमचा जिना चढून आले. “तळं तुम्हीच केलंत ना? मग आता ते कुठंय तेही तुम्हीच सांगा.” मी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, पण तळं कुठून देणार? जाताना म्हणाले, “बदकं मात्र छान होती हो.” ते वाक्य मला अजून टोचतं.

आमच्याकडे फर्निचर आणि झाडं करायची नंदा. वर्ध्याकडची. नवरा चाकणच्या कारखान्यात लागला म्हणून इकडे आली आणि आमच्याकडे लागली तेव्हा तिशीत होती. तिच्या बोटांत अशी सफाई की तांदळाएवढा सोफा चिमट्याने उचलून जागेवर ठेवताना ती बाजारातल्या भाजीबद्दल बोलू शकायची. पलंग तर तिच्या हातात इतका बसला होता की तिला पट्टी लागायची नाही.

तर अशा आमच्या दुकानात एका सकाळी एल्झाबाई लिमये आल्या.

नारायण पेठेत त्यांना सगळे ओळखायचे. मूळच्या जर्मन. लिमये इंजिनिअर तिकडे शिकायला गेले आणि येताना यांना घेऊन आले, त्याला तेव्हाच चाळीसेक वर्षं झाली होती. लिमये गेले, पण बाई इथेच राहिल्या आणि घरी जर्मनचे वर्ग घेऊ लागल्या. नव्वद सालानंतर विद्यार्थी सगळे कॉम्प्युटरवाले. जर्मनीला जायचं, त्याआधी बाईंकडून व्याकरण ठोकून घ्यायचं. दारावर पाटी होती: ‘उशीर झाला असल्यास बेल वाजवू नये. घरी जावे.’ मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. आकडे मात्र त्या शेवटपर्यंत जर्मनमध्येच मोजत. साबुदाण्याच्या वड्यांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळं.

त्या खुर्चीवर बसल्या, छत्री गुडघ्यांवर आडवी ठेवली आणि म्हणाल्या, “तुम्ही मॉडेलं करता ना? मला एक करून हवं आहे.”

“बंगला?”

“पाणबुडी.”

नंदाने हातातलं झाड खाली ठेवलं.

“युद्धातली. जर्मन. आतून दिसेल अशी,” बाई म्हणाल्या. “आणि लवकर. मला काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, फार तर वर्ष. मग अंधार. त्याआधी मला माझ्या भावाची झोपायची जागा बघायची आहे.”

भावाचं नाव हायनर. बाईंपेक्षा दहा वर्षांनी मोठा. एकोणिसाव्या वर्षी त्याला पाणबुडीवर घेतलं, इंजिनं सांभाळायला. शेवटच्या रजेवर आला तेव्हा छोट्या एल्झाने विचारलं, समुद्राच्या आत भीती नाही वाटत? तो म्हणाला, छे! मला माझी स्वतःची खाट आहे. उशीपाशी एक गोल खिडकी आहे. रोज एक मासा येऊन काचेला नाक लावतो आणि माझ्याकडे बघत बसतो. मी त्याचं नाव एल्झा ठेवलंय.

पाणबुडी परत आली नाही.

“मोठी झाल्यावर मी वाचलं,” बाई म्हणाल्या. “त्या पाणबुड्यांना खिडक्या नसायच्या. एकही नाही. म्हणजे बघा, माझा भाऊ कुठे राहत होता आणि कुठे गेला, याचं माझ्याकडे एकच चित्र आहे आणि ते खोटं आहे. डोळे गेले की आतलीच चित्रं उरणार. त्यात निदान हे एक खरं असावं.”

मी काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडलं असणार, कारण त्यांनी हात वर केला. “आणि हे पाहा, मला त्याचा पुतळा नको आहे. तो काही चांगल्या कामाला गेला नव्हता. त्या पाणबुड्यांनी जी जहाजं बुडवली त्यांवरही कुणाकुणाचे भाऊ होते. तुमच्या कोकणातले खलाशीसुद्धा होते. हे मी विसरलेली नाही. मला झेंडा नको, तोफ चकचकीत नको. खोली हवी.”

आता प्रश्न नकाशाचा. तिथे कॉम्प्युटरवाले धावून आले. बाईंचा एक विद्यार्थी हँबर्गला नोकरीला होता. त्याने तिथल्या संग्रहालयात हेलपाटे घालून, बाईंचं व्याकरण वापरून, त्या जातीच्या पाणबुडीचे नकाशे मिळवले आणि ईमेलने पाठवले. अप्पा बळवंत चौकातल्या सायबर कॅफेत ते उतरवायला एक अख्खी दुपार गेली. कॅफेवाला म्हणाला, “काका, परवानगी आहे ना?” मी म्हणालो, “कुणाची? युद्ध संपलं.”

नकाशे पसरले आणि मी हरखलो. आयुष्यात पहिल्यांदा अशी वास्तू समोर आली होती जिच्यात माणसाच्या सोयीसाठी काही म्हणजे काहीच नव्हतं. तुम्हाला सोपं करून सांगतो. मधोमध एक लांबलचक, जाड पोलादाचं नळकांडं. माणसं त्यात. नळकांड्याच्या आत आणि दोन्ही कुशींना पाण्याच्या टाक्या. टाक्यांत समुद्र आत घेतला की बोट खाली जाते, दाबलेल्या हवेने तो बाहेर ढकलला की वर येते. चालायला डिझेलची दोन इंजिनं, पण डिझेलला हवा लागते, म्हणून ती वरच चालणार. खाली गेलं की विजेच्या मोटारी, आणि त्यांची वीज बोटीच्या जमिनीखाली मांडलेल्या बॅटऱ्यांतून. बॅटऱ्या उतरल्या की वर या, डिझेल लावा, बॅटऱ्या भरा. म्हणजे नाव पाणबुडी असलं तरी ती खरी पाण्यावरचीच बोट. संकट आलं की श्वास रोखून खाली लपायची.

आणि हायनरसारखी साधी पोरं झोपायची कुठे? पार पुढच्या टोकाला, टॉर्पेडोंच्या खोलीत. जमिनीखाली टॉर्पेडो, जमिनीवर टॉर्पेडो, आणि दोन्ही बाजूंना भिंतीलगत, एकावर एक खाटा. खाटा बारा आणि माणसं दुपटीने. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच्या जागी आडवा. स्वतःची खाट म्हणून जे हायनर सांगत होता, तेसुद्धा खोटंच होतं.

हे मी नंदाला समजावलं तर ती म्हणाली, “आमच्याकडं बी असंच आहे जी. भाऊजी पाळीवर गेले की हे येऊन त्याच गादीवर पडतात. गादी गरमच असते.” आणि पुन्हा झाडाची पानं चिकटवायला लागली.

माप ठरलं पन्नासास एक. म्हणजे बोट जवळजवळ साडेचार फुटांची. बाहेरचं कवच शेजारच्या आळीतल्या तांबटाने पत्र्याचं ठोकून दिलं. आयुष्यभर बंब आणि घंगाळी केलेला माणूस, त्याने नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “याला तोटी कुठं बसवायची?” एक बाजू उघडी ठेवली, म्हणजे आतलं दिसेल आणि हातही लागेल. इंजिनं मी केली. खाटा, टॉर्पेडो, स्वयंपाकघर नंदाकडे.

पुढची खोली पुरी झाली तेव्हा आम्ही दोघं तिच्यासमोर उभे राहिलो. काय देखणी झाली होती! मी बाईंना निरोप पाठवला.

बाई आल्या. एव्हाना त्यांना फक्त मधलं, नळीतून पाहावं तेवढंच दिसत होतं. आधी त्यांनी वाकून पाहिलं, मग डावा हात आत घातला. बोटं खाटांवरून फिरली. आइन्स, त्स्वाय, द्राय… बारा. मग बोटं खाटांच्या मधल्या वाटेवर आली आणि तिथे थांबली. पुन्हा फिरली.

“नंदा,” त्या म्हणाल्या, “किती बेडरूमचा आहे हा?”

“जी?”

“अहो, पार्किंग वेगळं आहे का यात?”

मला काही कळेना. बाई म्हणाल्या, “माझा भाऊ सहा फूट उंच होता. त्याला जरा झोपवून दाखवा.”

आमच्याकडे झोपलेला माणूस नव्हता. इतक्या वर्षांत एकाही बिल्डरने मागितला नव्हता. मी डब्यातून बॅगवाला साहेब काढला, बरोब्बर सहा फुटी, आणि खाटेवर आडवा केला. साहेबाच्या पोटऱ्या खाटेबाहेर. बॅग तर वाटेतच लोंबकळू लागली.

तेव्हा माझी नजर सावकाश त्या खोलीवर फिरली. नंदाच्या सवयीच्या हातांनी खाटा आखूड झाल्या होत्या. माझ्या सवयीच्या हातांनी छतावरचे सगळे पाइप गाळले होते, कारण पाइप दिसले की गिऱ्हाईक बिथरतं. वाट रुंद झाली होती. प्रत्येक खाटेवर सॅम्पल फ्लॅटसारखी तिरपी उशी होती. शत्रूच्या टप्प्यात सापडलेल्या बोटीचा आम्ही हवेशीर वन-बीएचके करून ठेवला होता.

“तुम्ही मला फ्लॅट विकताय,” बाई म्हणाल्या आणि हसायला लागल्या. त्यांच्याबरोबर मी, मग नंदाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग बाई एकदम थांबल्या. साहेबाला त्यांनी खाटेवरून अलगद उचललं आणि माझ्या हातावर ठेवलं.

“त्यानेही हेच केलं होतं,” त्या म्हणाल्या. “मला बरी दिसावी म्हणून खोली मोठी करून सांगितली होती. आता तुम्ही नका करू. तेवढे दिवस नाहीत माझ्याकडे.”

त्या जिना उतरून गेल्यावर नंदाने एक एक खाट उपटून काढली. मी म्हणालो, “अगं, मी करतो.” ती म्हणाली, “तुमी राहू द्या जी. मले माहीत आहे आता.”

आणि मग आमच्या दुकानात जे झालं ते कधीच झालं नव्हतं. आम्ही गर्दी करायला लागलो. खाटा खऱ्या मापाच्या केल्या, वाट मिटल्यासारखी झाली. छतावर पाइप घातले, पाइपांना झडपांची चाकं लावली, चाकांच्या मधल्या जागेत जाळ्यांतून पाव टांगले. निघताना बोटीत इतकं सामान भरायचे की दोन संडासांपैकी एकात शिधाच कोंबलेला असायचा. नंदाने दार किलकिलं ठेवून आत बटाट्याची पोती रचली. ओला डगला खुंटीला, बूट पायथ्याशी, ताटल्या टॉर्पेडोवर. आमच्या धंद्यात ज्याला ज्याला बंदी, ते सगळं तिथे आलं. “कपडे वाळत टाकू?” तिने विचारलं. मी म्हणालो, “टाक!” एखाद्या मुलीला सासरहून पहिल्यांदा माहेरी सोडावं तशी ती दोरी बांधायला धावली.

शेवटी उरला झोपलेला माणूस. तारेचा सांगाडा, वर मेण, मग रंग. सहा फुटांचा पोरगा खऱ्या खाटेतसुद्धा सरळ मावेना. पायाशी पाइप, डोक्याशी पोलाद. तिने त्याला कुशीवर वळवला, गुडघे पोटाशी घेतले आणि एक हात गालाखाली दिला. “आमचे हे असेच झोपतात,” एवढंच म्हणाली.

पाणबुडी आम्ही हातगाडीवरून नारायण पेठेत नेली. वाटेत तीन जणांनी विचारलं, गणपतीची आरास का? एकाने बंब कुठे मिळाला विचारलं. बाईंनी खिडकीपाशी टेबल रिकामं करून ठेवलं होतं. भर दुपारचं ऊन आत येत होतं, तरी त्यांनी हातात विजेरी घेतली. नजर आणखी बारीक झाली होती.

शेपटाकडून सुरुवात केली. मोटारी, डिझेलची इंजिनं. “इथे तो काम करायचा,” त्या म्हणाल्या. “कानठळ्या बसत असतील.” मग स्वयंपाकाचा ओटा, तो बघून म्हणाल्या, “पन्नास माणसांचा स्वयंपाक यावर? आमच्या चाळीतल्या बायकांनी संप केला असता.” मग मधली, चाकांनी आणि तबकड्यांनी भरलेली खोली. शेवटी त्यांनी विजेरी बाजूला ठेवली, डोळे मिटले आणि पुढच्या खोलीत हात घातला.

हाताला पाव लागले. ओला डगला लागला. वाटेत एकच बोट शिरत होतं. “हं,” त्या म्हणाल्या. “हं.” बोट खाटांवरून जाऊ लागलं, ओठ मोजत होते, आणि खालून दुसऱ्या रांगेत ते थांबलं.

बोट खांद्यावर. मग कमरेवर. मग गुडघ्यांवर, आणि तिथेच खूप वेळ.

“पाय दुमडलेत,” त्या म्हणाल्या.

“जागाच नाही जी,” नंदा म्हणाली.

“नाही हो. घरीही तो असाच झोपायचा.” बाईंचे डोळे मिटलेलेच होते. “स्वयंपाकघरातल्या बाकावर. बाक पुरायचा नाही त्याला. मी शाळेत जाताना त्याच्या गुडघ्यांना टिचकी मारून जायची. अहो, मी हे विसरले होते. इतकी वर्षं मी त्याला त्या खिडकीपाशी पसरून झोपलेला बघत आले. माझा भाऊ पाय पसरून कधी झोपलाच नव्हता.”

त्यांनी त्या मेणाच्या गुडघ्यावर अगदी हलकेच टिचकी मारली.

आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत राहिलो. समोरच्या गच्चीत कुणाचे तरी कपडे वाळत होते.

मग बाईंनी डोळे उघडले, पदराने पुसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “आता इथे एक खिडकी लावा. उशीपाशी. गोल.”

मी चमकलो. “एल्झाबाई, तुम्हीच म्हणालात खरं हवं. आणि त्या दाबाखाली खिडकी? क्षणात फुटेल हो. बोट बुडेल!”

“अहो, मांजरीला तळं आहे का?”

तळ्याची गोष्ट मीच त्यांना कधीतरी सांगितली होती.

“तळं चालतं, खिडकी नाही?” मग आवाज खाली आला. “खरं मी पाहिलं. ते आता माझं झालं, कुणी काढून घेणार नाही. पण खिडकी त्याने माझ्यासाठी केली होती. एवढ्या गर्दीत पडून, गुडघे पोटाशी घेऊन, त्याने माझ्यासाठी एक खिडकी रचून ठेवली होती. तीही हवी.”

पाणबुडी पुन्हा हातगाडीवरून कसबा पेठेत आली. तांबटाने पत्र्याला मसुराएवढं गोल भोक पाडलं. मी अॅक्रिलिकची काच बसवली. बोट आता बुडायला मोकळी झाली.

एल्झाबाई त्यानंतर सात-आठ वर्षं होत्या. नजर गेली, वर्ग चालू राहिले. मी जायचो तेव्हा विद्यार्थी जर्मन क्रियापदं चालवत असायचे आणि बाईंचा एक हात टेबलावरच्या त्या उघड्या कुशीत असायचा. नवीन विद्यार्थ्यांना त्या सगळी बोट हाताने दाखवायच्या, इंजिनापासून बटाट्यांपर्यंत, काही न लपवता. खिडकीपाशी आल्या की म्हणायच्या, “ही चूक आहे. मुद्दाम केलेली.”

आता आमचा धंदा पडद्यावर गेलाय. चष्मा लावला की गिऱ्हाईक न बांधलेल्या घरातून हिंडून येतं, आणि तिथले पलंग आखूड असतात की नाही, हे ती कॉम्प्युटरची पोरं मला सांगत नाहीत. मी विचारतो, ती हसतात. म्हणजे असतात.

एक गोष्ट सांगायची राहिली. खिडकी बसवल्यावर बोट पोचवायच्या आधी नंदाने मला हाक मारली. काचेच्या बाहेरच्या अंगाला, तारेच्या टोकावर, तिने एक मासा लावला होता. नाक काचेला टेकलेलं. मी पट्टी लावली. मासा खऱ्या मापाचा केला असता तर तिळाएवढा झाला असता. हा शेंगदाण्याएवढा होता. त्या मापाने हायनरच्या डोक्याहून मोठा.

“नंदा, हा फार मोठा झाला.”

“मोठाच केला जी,” ती म्हणाली. “बोटाला लागला पाहिजे ना.”